आरोग्य योजनेतील खोट्या क्लेमची चौकशी पैसे देणाऱ्या संस्थेकडेच असावी का?

प्रश्न : खानापूरवासी

नमस्कार. प्रश्न थोडा सविस्तर मांडावा लागत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझे चुलते खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. बीपीएल रेशनकार्ड असल्यामुळे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेखाली ते उपचारास पात्र आहेत. गेल्या वर्षी उलट्या-जुलाबांनी फार अशक्तपणा आल्यामुळे त्यांना बेळगावातील एका खासगी दवाखान्यात दाखल केले. सलाईन लावले, दोन-तीन दिवसांत ते सावरले आणि घरी आले. खिशातून काही द्यावे लागले नाही, म्हणून घरातील सर्वांनी समाधान मानले. यंदा मूतखड्याच्या त्रासासाठी त्यांना दुसऱ्या दवाखान्यात नेले, तेव्हा तेथील आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, संगणकावर त्यांची जुनी नोंद उघडली. त्या तारखांना अतिदक्षता विभागातील उपचारांचे पॅकेज (ठरावीक दराचा उपचार) मंजूर झाल्याचे तीत दिसत होते. काका अतिदक्षता विभागात गेलेच नव्हते. त्यांची खाट जनरल वॉर्डात होती आणि रात्री मी स्वतः तेथे जमिनीवर चटई टाकून झोपलो होतो.

घरी येऊन जुने कागद पाहिले. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आहे, त्यावर आजाराचे नाव आणि औषधे आहेत, परंतु कोणते पॅकेज लावले आणि किती रक्कम मागितली याचा उल्लेख नाही. कानडीत छापलेल्या समाधानपत्रावर काकांची मराठीत सही आहे. काकांना कानडी बोललेले समजते, वाचता येत नाही. त्या पत्रावर लिहिलेला मोबाईल नंबर आमच्या घरातील कोणाचाही नाही.

मी ऑनलाइन तक्रार केली. काही आठवड्यांनी उत्तर आले की, संबंधित रुग्णालयाकडून खुलासा मागविण्यात आला, तो समाधानकारक आढळला, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तो खुलासा काय होता हे आम्हाला कळविले नाही. काकांना कोणी फोनही केला नाही.

माझा प्रश्न त्या एका दवाखान्यापुरता नाही. चौकशी झाली असे म्हणणाऱ्यांनी ती कशी केली, हे तपासणारे राज्यात कोणी आहे का? डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते, त्या वेळी आमदारांमार्फत एक निवेदन द्यावे असा आम्हा काही जणांचा विचार आहे. ‘सगळे दवाखाने लुटतात’ अशा थाटाचे निवेदन आम्हाला नको आहे. देखरेखीच्या रचनेत नेमका कोणता बदल मागावा, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

उत्तर : टिळकवाडीतील निवृत्त लेखापरीक्षक

आपल्या काकांच्या प्रकरणात खरे-खोटे काय, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आपल्याला मिळालेले उत्तर मात्र माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडून खुलासा मागवावा आणि खुलासा फाइलीला लागला की फाइल मिटवावी, ही आपल्या कार्यालयांची जुनी रीत आहे, आणि आरोग्य खाते तिला अपवाद असण्याचे कारण नाही.

आधी रचना समजून घ्या. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कर्नाटकाने त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आरोग्य कर्नाटक’ सुरू केली होती आणि ऑक्टोबरअखेर दोन्ही योजना एकत्र करण्यात आल्या. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, तर एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के रक्कम वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळते. आपल्या राज्यात मध्ये विमा कंपनी नाही. आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याच्या अखत्यारीतील सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ही संस्थाच योजना राबवते. दवाखान्याला यादीवर घेणे, उपचाराला पूर्वमंजुरी देणे, क्लेम (दवाखान्याने उपचाराच्या पैशांसाठी केलेली मागणी) तपासणे, पैसे देणे, संशयास्पद क्लेमची चौकशी करणे, दंड बसवणे आणि शेवटी यादीतून नाव काढणे, एवढी सगळी कामे एकाच छपराखाली चालतात. राज्य पातळीवर फसवणूकविरोधी कक्ष असावा असे केंद्राचे मार्गदर्शन आहे, परंतु तो कक्षही राज्याच्या याच आरोग्य संस्थेचा भाग मानलेला आहे.

यातील अडचण अप्रामाणिकपणाची नाही, हे मी मुद्दाम सांगतो. ट्रस्टमधील सगळी माणसे सज्जन आहेत असे गृहीत धरले तरी अडचण शिल्लक राहते. प्रत्येक खोट्या क्लेमवर कोणीतरी मंजुरीची सही केलेली असते. म्हणजे खोटा क्लेम उघडकीला आणणे हे मंजूर करणाऱ्याची नजर चुकल्याचेही उघडकीला आणणे असते. ते काम शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे दिले, तर तो ‘नोंदीतील चूक, वसुली केली’ असा शेरा मारून मोकळा होईल. लेखापरीक्षणाचा पहिला नियमच असा आहे की, खर्च करणाऱ्याने स्वतःचा खर्च तपासू नये.

बाहेरच्या नजरेने काय फरक पडतो, याचे उदाहरण घ्या. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबराला जोडलेले आढळले आणि तो नंबर म्हणजे नऊचा आकडा दहा वेळा. योजनेच्या नोंदीत आधीच्या उपचारांत मृत दाखविलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढेही क्लेम झाले आणि त्यांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले. एकच रुग्ण एकाच काळात दोन दवाखान्यांत दाखल असल्याच्याही नोंदी सापडल्या. लाभार्थ्याची ओळख पटविण्यासाठी मोबाईल नंबर आवश्यक नसतो, असा खुलासा सरकारने केला आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. परंतु रुग्णाला फोन करून ‘तुम्ही खरोखर दाखल होता का’ असे विचारण्याचा एकमेव मार्ग त्या नंबरातूनच जातो. आपल्या काकांच्या कागदावरील परका नंबर म्हणूनच मला क्षुल्लक वाटत नाही. शिवाय महालेखापरीक्षकांनी कोठे धाड घातली नव्हती. जी माहिती यंत्रणेच्या स्वतःच्या संगणकात पडून होती, तिलाच त्यांनी प्रश्न विचारले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, खासगी रुग्णालयांचे २ लाख ७० हजार क्लेम, एकूण ५६२ कोटी रुपयांचे, गैरवापर किंवा चुकीच्या नोंदींमुळे अमान्य ठरले. १,११४ रुग्णालये यादीतून काढली गेली आणि १,५०४ रुग्णालयांना मिळून १२२ कोटींचा दंड झाला. आकडे मोठे आहेत. पण त्यांत शिक्षा तेवढी दिसते. किती तक्रारी खुलाशावर मिटल्या, किती किती काळ पडून राहिल्या आणि बेळगाव जिल्ह्याचा त्यांत वाटा किती, हे त्या आकड्यांवरून समजत नाही. मंजूर करणाऱ्यांपैकी कोणावर कारवाई झाली का, हेही समजत नाही.

माझी सूचना स्पष्ट आहे. चौकशी कक्ष ट्रस्टमधून काढून लोकायुक्तांकडे द्यावा. २०१६ मध्ये राज्य सरकारने लाचलुचपतीच्या तपासाचे अधिकार लोकायुक्तांकडून काढून सरकारच्या हाताखालील वेगळ्या ब्युरोकडे दिले होते. उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२२ रोजी तो ब्युरोच रद्द केला आणि अधिकार लोकायुक्तांकडे परत आले. तपास यंत्रणा सरकारच्या मुठीत असू नये, हा धडा कर्नाटकाने एकदा घेतलेला आहे.

उत्तर : चिकोडी भागातील एक डॉक्टर

वरील प्रतिसादातील निदान मला मान्य आहे, औषध मान्य नाही. मी तालुक्याच्या गावी छोटे रुग्णालय चालवतो आणि या योजनेखाली रुग्ण घेतो.

राज्यातील रुग्णाचा क्लेम पंधरा दिवसांत निकाली निघावा, असे योजनेचे मार्गदर्शन आहे. प्रत्यक्षात माझ्या एका रुग्णाच्या अस्थिभंगाच्या क्लेमवर पहिली शंका आली की फोटोत चेहरा स्पष्ट नाही. फोटो पाठविल्यावर दुसरी आली की एक्स-रेवरील तारीख वाचता येत नाही. तिसरी आली ती इम्प्लांटच्या स्टिकरबद्दल. प्रत्येक शंका वेगळ्या दिवशी आली आणि वेगळ्या माणसाने काढली असावी. तोवर परिचारिकांचे पगार, ऑक्सिजन, इम्प्लांटवाल्याची उधारी हे सर्व मी हातचे घालून भागवले. मोठ्या शहरांतील साखळी रुग्णालयांना हे सोसते, कारण त्यांच्याकडे क्लेमसाठी स्वतंत्र माणसे बसवलेली असतात. लबाडाची कागदपत्रे तर नेहमीच नीटनेटकी असतात. तेव्हा ‘तपासणी कडक करा’ एवढीच मागणी केलीत, तर खेड्याजवळचे दवाखाने योजनेतून बाहेर पडतील आणि आपल्या काकांना पुढच्या वेळी आणखी लांब जावे लागेल.

कृपा करून निवेदनात एक भेद स्पष्ट करा. कारकुनाने चुकीचे पॅकेज निवडणे, जनरल वॉर्डातील रुग्ण मुद्दाम आयसीयूत दाखवणे, गरज नसताना शस्त्रक्रिया करणे आणि रुग्णच नसताना कागद रंगवणे, हे प्रकार एका मापाने मोजता येत नाहीत. केंद्राच्या २०१८ च्या दरपत्रकात औषधोपचाराच्या रुग्णासाठी दिवसाला जनरल वॉर्डाचे १,८०० रुपये होते, त्यापुढील पायरीचे २,७००, आयसीयूचे ३,६०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूचे ४,५००. संगणकाच्या पडद्यावर हे पर्याय एकाखाली एक दिसतात. वॉर्डाऐवजी आयसीयू निवडले की रक्कम दुप्पट होते. ती चूकही असू शकते, सवयही असू शकते, आणि कोणते ते ठरविण्यासाठी त्या दवाखान्याचे अनेक महिन्यांचे क्लेम शेजारी ठेवून पाहावे लागतात.

आपल्या काकांच्या बाबतीत एक खूण सांगतो. आयसीयूत प्रत्येक रुग्णाच्या नाडीची, रक्तदाबाची, लघवीच्या प्रमाणाची नोंद तासातासाला एका मोठ्या तक्त्यावर होते आणि प्रत्येक पाळीच्या परिचारिकेची त्यावर सही असते. तो तक्ता मागा. नंतर बसून भरलेला तक्ता अनुभवी माणसाला लगेच ओळखू येतो, कारण त्यात सगळे आकडे फार शहाण्यासारखे वागतात.

सर्वांत गंभीर प्रकार गरज नसलेल्या शस्त्रक्रियांचा आहे आणि तो संगणकाला दिसत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये गाजलेले प्रकरण आपल्या भागातील लोक जाणतात. त्याआधी २०१५ मध्ये आपल्याच राज्यात कलबुर्गीत तसाच प्रकार पुढे आला होता. अहमदाबादेत नोव्हेंबर २०२४ मध्ये खेड्यात मोफत शिबिर भरवून लोकांना रुग्णालयात नेले, त्यांतील काहींच्या अँजिओप्लास्टी केल्या आणि दोघे दगावले. अशा ठिकाणी रुग्ण खरा असतो, शस्त्रक्रियाही खरी असते. तिची गरज होती का, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्याच शाखेचा, पण दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरच देऊ शकतो. लोकायुक्तांच्या पोलिसांकडे हे ज्ञान कोठून येणार?

उत्तर : निपाणीचे एक वकील

लेखापरीक्षक साहेब आणि डॉक्टर साहेब या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांच्या म्हणण्यात कायद्याची एकेक अडचणही आहे.

लोकायुक्तांचा अधिकार लोकसेवकांच्या कारभारावर चालतो. खासगी रुग्णालयाने एकट्याने केलेली फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील गुन्हा असून त्याचा तपास नेहमीच्या पोलिस ठाण्याने करावयाचा असतो. लोकायुक्त येतात ते सरकारी माणूस गुंतलेला असेल तेव्हा. आपल्या राज्यात तातडीची बाब सोडल्यास मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल, म्हणजे पुढे पाठविण्याचे पत्र, लागते. ते रेफरल देताना कोणी हात ओले करून घेत असेल, तर तो विषय नक्कीच लोकायुक्तांचा. मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये घातलेल्या कलम १७अ नुसार, लोकसेवकाने अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करण्याआधी सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे क्लेम मंजूर करणाऱ्याची चौकशी करायची तर परवानगीसाठी पुन्हा सरकारच्याच दारात उभे राहावे लागते.

अमेरिकेतील गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत या प्रश्नावर बऱ्याच आधी विचार झाला. तेथील संसदेने १९७७ मध्ये कायदा करून राज्यांना मेडिकेड फसवणूक नियंत्रण कक्ष उभारण्यासाठी केंद्राचा पैसा दिला. अट अशी की, हा कक्ष मेडिकेड चालविणाऱ्या खात्यापासून पूर्णपणे वेगळा असला पाहिजे. बहुतेक राज्यांत तो महाधिवक्त्यांसारख्या पदाच्या, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात असतो. त्यात वकील, हिशेब तपासनीस आणि तपास अधिकारी एकत्र काम करतात. सुरुवातीची वर्षे सोडली तर खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र उचलते आणि केंद्रीय आरोग्य खात्याचे महानिरीक्षक कार्यालय दरवर्षी प्रत्येक कक्षाची फेरतपासणी करून त्याला पुन्हा मान्यता देते. आपल्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. तपास वेगळा काढला एवढ्यावर तेथे थांबले नाहीत. तपास करणाऱ्यांचे काम तपासण्याची सोयही कायद्यातच ठेवली.

त्याच देशातील उलटे उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण डॉक्टर साहेबांची भीती काल्पनिक नाही. न्यू मेक्सिको राज्याने जून २०१३ मध्ये मानसिक आरोग्यसेवा देणाऱ्या १५ संस्थांचे पैसे एका लेखापरीक्षणाच्या आधारे एकदम थांबविले. फसवणुकीचा ‘विश्वसनीय आरोप’ असेल तर पैसे रोखण्याची मुभा केंद्राच्या नियमात होती, आणि रुग्णांचे हाल होणार असतील तर न रोखण्याचीही होती. दुसऱ्या मुभेकडे लक्ष दिले गेले नाही. शेजारच्या ॲरिझोना राज्यातील संस्था आणून बसविण्यात आल्या. पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी पूर्ण केली, तेव्हा २०१६ पर्यंत पंधराही संस्था फसवणुकीच्या आरोपातून मुक्त झाल्या. तोवर त्यांतील अनेक बंद पडल्या होत्या आणि त्यांचे रुग्ण वाऱ्यावर सुटले होते. म्हणून निवेदनात स्वतंत्र कक्षाची मागणी करताना, वाद नसलेल्या क्लेमचे पैसे चौकशीच्या काळातही मिळत राहावेत आणि रोखलेल्या रकमेवर ठरावीक मुदतीत सकारण निर्णय व्हावा, हे आवर्जून लिहा. यामुळे निवेदन दवाखान्यांच्या बाजूचे ठरत नाही. चौकशी वेळेत संपविण्याचे बंधन कक्षावर येते, आणि ते तक्रारदाराच्याही हिताचे आहे.

आता आपल्या हातातील उपायांबद्दल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात आणि आंतररुग्णाचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळावे लागते. काकांच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ट्रस्टने घेतलेल्या खुलाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. तपासाला बाधा येईल असे कारण सांगून कलम ८(१)(ह) पुढे केले जाईल; परंतु तक्रार निकाली निघाली असे त्यांनीच लिहून दिले आहे, मग बाधा कशाला येणार? तपास चालू आहे एवढ्यानेच माहिती नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंह प्रकरणात म्हटलेले आहे. खासगी दवाखान्याविरुद्ध दुसरा रस्ता कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्याखालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपले डीसी (जिल्हाधिकारी) असतात आणि सदस्य सचिव डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी). हा रस्ता ट्रस्टच्या दारातून जात नाही, हाच त्याचा फायदा.

तक्रार मराठीत लिहिली तर चालेल का, हे अनेकांनी मला विचारले आहे. संविधानाच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असे मात्र ते कलम म्हणत नाही. व्यवहार म्हणून सोबत कानडी किंवा इंग्रजी प्रत जोडावी. हक्काच्या लढाईत तारखा वाया घालवू नयेत.

उत्तर : कागवाडची एक शिक्षिका

सर्वांचे विवेचन बेळगाव शहराकडे तोंड करून झाले आहे, म्हणून थोडे लिहिते. आमच्याकडील माणसे आजारी पडली की मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात, आणि चंदगडकडील माणसे बेळगावला येतात. योजनेत राज्याबाहेर उपचार घेण्याची सोय आहे. तेथील दवाखान्याला यादीवर घेते महाराष्ट्राची यंत्रणा आणि रुग्ण आमचा असल्यामुळे क्लेमचे पैसे द्यायचे असतात कर्नाटकाने. समजा क्लेम खोटा निघाला. कर्नाटक पैसे नाकारू शकेल, पण त्या दवाखान्याला यादीतून काढणे त्याच्या हातात नाही. महाराष्ट्राचे पैसे गेलेले नाहीत, तेव्हा त्याने घाई करण्याचे कारण नाही. अशा क्लेमची चौकशी दिल्लीच्या राष्ट्रीय फसवणूकविरोधी कक्षाने स्वतःकडे घ्यावी, असे निवेदनात एक वाक्य तरी हवे.

त्यात सीमाभागाचे राजकारण मिसळलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये येथील ८६५ गावांतील मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने आक्षेप घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगावकडील नोंदणी केंद्रे बंद करण्यात आली. कोणाची बाजू न्याय्य, हा वाद येथे नको. एवढेच म्हणते की, एकाच कुटुंबाची नावे दोन राज्यांच्या योजनांत असू शकतात, तेव्हा रुग्ण एकदाच दाखल झाला असता दोन्हीकडून क्लेम होणार नाही याचा ताळमेळ कोणी तरी ठेवायला हवा. तो ठेवला नाही तर उद्या ‘सीमाभागातील लोकच लबाड’ असा शिक्का बसायला वेळ लागणार नाही.

समाधानपत्राबद्दल मला फार वाटते. माझ्या शाळेतील मुलांचे पालक दवाखान्यातून येताना जे कागद आणतात, त्यांपैकी कोणता काय सांगतो हे त्यांना मला विचारावे लागते. न वाचता केलेली सही चौकशीत पुरावा म्हणून रुग्णाच्याच विरुद्ध वापरली जाते.

खानापूरवासी

आपण सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. निवेदनाचा मसुदा असा करीत आहोत. चौकशी कक्ष ट्रस्टपासून वेगळा असावा, त्यात त्या-त्या शाखेचे दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टर असावेत आणि त्याने किती तक्रारी कशा निकाली काढल्या याचा जिल्हावार अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे यावा. रुग्णाचा जबाब त्याला समजणाऱ्या भाषेत घेतल्याशिवाय कोणतीही तक्रार बंद करू नये आणि बंद करताना दवाखान्याच्या खुलाशाची प्रत तक्रारदाराला द्यावी. वाद नसलेले पैसे रोखू नयेत. डिस्चार्जच्या वेळी पॅकेजचे नाव आणि मागितलेली रक्कम छापलेला कागद रुग्णाच्या हाती पडावा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कागवाड या भागांत तो मराठीतही असावा. परराज्यातील क्लेमबद्दल बाईंचे वाक्य जसेच्या तसे घेतो. काकांच्या प्रकरणाची हकीकत सोबत जोडावी का?

उत्तर : टिळकवाडीतील निवृत्त लेखापरीक्षक

लोकायुक्तांबाबत वकील साहेबांचा मुद्दा मला पटला. कक्ष कोणाच्या हाताखाली असावा हे निवेदनात न लिहिता, आरोग्य खात्याच्या बाहेर असावा एवढेच लिहावे. पुढचे सरकारला सुचवू द्या. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीलाही प्रत द्यावी. त्या समितीचे अध्यक्षपद प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाकडे असते, त्यामुळे कागद तेथे निदान उघडला जातो.

हकीकत निवेदनाला जोडू नका. ती जोडली की खाते फक्त तेवढ्याचेच उत्तर देईल, ‘सदर प्रकरण यापूर्वीच निकाली काढलेले आहे’ असे लिहील आणि रचनेबद्दलच्या मागण्या तशाच राहतील. काकांची तक्रार डीसींच्या प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे चालवा. कागदपत्रांचा अर्ज मात्र अधिवेशनाची वाट न पाहता याच आठवड्यात द्या, आणि त्यात डॉक्टर साहेबांनी सांगितलेला आयसीयूचा तासावार तक्ता नाव घेऊन मागा. नुसते ‘सर्व कागदपत्रे’ असे लिहिलेत तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडेल.